नलू पागधरेचं फडकं

नलू पागधरेला माणसं आवडत नसत. तिचं कोणाशी भांडण होतं असं नाही. भांडायला समोरचा निदान आपल्या उंचीचा लागतो, असं तिचं मत होतं, आणि त्या उंचीचं माणूस तिला पालघर तालुक्यात अजून भेटायचं होतं. कॉलेजातले प्राध्यापक डबल चष्मा लावून चुकीची बाटली उचलतात, म्हणून ते बिनकामाचे. मुलं झाकण उलटं टेबलावर ठेवतात, म्हणून ती वाया गेलेली. घिवलीतल्या शेजारणी बोंबील वाळत घालताना दोहोंत बोटभर अंतर ठेवत नाहीत, म्हणून त्या आळशी. नवरा वामन तीस वर्षं बोटीवर जाऊनही जाळं आवरताना गुंता करतो, तेव्हा त्याच्याबद्दल बोलण्यातच अर्थ नाही. वामन यावर नुसता हसायचा. त्याचं हसणंही तिला ढिसाळ वाटे.

पालघरच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा परिचर होती. हुद्दा ऐकायला बरा, काम मात्र बाटल्या धुण्याचं, टेबलं पुसण्याचं आणि साहेबांना चहा आणून देण्याचं. सकाळी घिवलीहून एसटीने बोईसर आणि तिथून पुढे पालघर. बोईसरला रात्रपाळीच्या बसमधून उतरलेली माणसं जांभया देत रिक्षा शोधत असायची. नलू त्यांच्याकडे बघून मनात म्हणायची, ही माणसं झोपेत औषधं बनवतात आणि ती खाऊन लोक बरे होतात, हेच नवल.

सहा वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राच्या डॉ. प्रफुल्ल चुरींना एक प्रकल्प मिळाला आणि कॉलेजच्या फ्रिजमध्ये चिखल आला. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात एका संशोधन-जहाजाने तळात लांब नळी खुपसून तो वर काढला होता. नळीतल्या चिखलाच्या एकेक सेंटिमीटरच्या साठ चकत्या केल्या होत्या आणि साठ पिशव्यांत भरून वरून खाली नंबर टाकले होते. नलूने पहिली पिशवी उघडली, वास घेतला आणि म्हणाली, "आमच्या खाडीत यापेक्षा बरा मिळतो. याच्यासाठी जहाज पाठवलं?"

चुरीसरांच्या हाताखाली पीएचडी करणारी उन्नती सावे तिथेच होती. माकुणसारची, सव्वीस वर्षांची, हळू बोलणारी. तिने नलूला समजावून सांगितलं की समुद्राच्या पाण्यात डायटम नावाचं शैवाल असतं, नुसत्या डोळ्याला न दिसणारं, एकेक जीव आपल्या काचेच्या डबीत राहणारा. काही जाती बर्फाच्या पोटाला चिकटून वाढतात, काही उघड्या पाण्यात. मेल्यावर त्यांच्या डब्या तळाला जातात आणि थरावर थर साचतात. ज्या थरात बर्फाखालच्या जाती जास्त, त्या काळी समुद्रावर बर्फ होतं. ज्या थरात उघड्या पाण्यातल्या जास्त, तेव्हा बर्फ हटलं होतं. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण दहा वर्षं. साठ पिशव्यांत सहाशे वर्षांचं हवामान.

"आणि ते मोजणार कोण?" नलूने विचारलं.

"सर आणि मी."

नलूने दोघांचे हात आठवले आणि नाक मुरडलं.

झालंही तसंच. चुरीसरांना सूक्ष्मदर्शकात दहा मिनिटं पाहिलं की गरगरायचं. उन्नती चिकाटीने बसायची, पण दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि आकडा चुकायचा. एके दिवशी भिंग पुसताना नलूने डोळा लावला, आणि लावला तो काढलाच नाही. हे तर निवडण्याचं काम होतं! सात वर्षांची असल्यापासून ती आईशेजारी बसून जवळ्याच्या ढिगातून करंदी, मांदेलीची पिल्लं आणि कचरा वेगळा करत आली होती. जवळ्यात बोट घातल्याबरोबर काय आपलं आणि काय परकं हे तिच्या हाताला कळे. इथे हात नव्हता, डोळा होता, एवढाच फरक. त्यांची लॅटिन नावं तिने ऐकली आणि सोडून दिली. बर्फाखालच्या लांबट, आडव्या फासळ्यांच्या जातीला ती 'होडी' म्हणाली, उघड्या पाण्यातल्या गोल, ठिपक्यांच्या जातीला 'पापड'. एका काचेवरचे चारशे दाणे मोजायचे, त्यात होड्या किती, पापड किती. उन्नतीने दोन दिवस तिचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खुर्ची सोडली. तेव्हापासून नलू मोजायची, उन्नती लिहून घ्यायची आणि चुरीसर सही करायचे. कागदोपत्री मोजणी सरांची आणि उन्नतीची होती. नलूला त्याचं काही वाटत नसे. ज्यांना मोजता येत नाही त्यांनी सही तरी करावी, असं ती म्हणायची.

चिखल आधी साफ करावा लागे. तो रसायनांत उकळायचा, ॲसिडने धुवायचा, मग बारीक पोलादी चाळणीतून गाळायचा, म्हणजे वाळू वर राहते आणि डायटम खाली उतरतात. हेही काम नलूचंच. एकवीस पिशव्या झाल्या आणि चाळणीची जाळी फाटली.

नवी चाळणी मागवायची तर अर्ज हवा, अर्जावर तीन दुकानांची दरपत्रकं हवीत, त्यावर प्राचार्यांची सही हवी. ऑफिसातला भाग्येश म्हणाला, "मावशी, नियम आहे." दीड महिना गेला. सरांना एका परिषदेत निष्कर्ष मांडायचे होते, ते रोज येऊन "कुठवर आलं?" विचारायचे आणि चाळणीचा विषय काढला की घड्याळ बघायचे. नलू चिडली आणि घरून फडकं घेऊन आली.

हे फडकं बोईसर-तारापूरकडे घरोघरी असतं. कारखान्यांत माल गाळायच्या यंत्राला जे कापड लावतात ते जुनं झालं की टाकून देतात, आणि कामगार ते घरी आणतात. घट्ट विणीचं, टिकाऊ, निळ्या काठाचं. कोणी पाण्याच्या पिंपावर बांधतं, कोणी तांदळाचं पीठ चाळतं, कोणी न्हाणीला पडदा करतं. घिवलीत जवळा वाळवायला तेच अंथरतात. वामनचा पुतण्या रूपेश बोईसरला खोली घेऊन राहायचा आणि एका रसायन कारखान्यात त्याच यंत्रावर कामाला होता. त्याने काकीला असे चार तुकडे आणून दिले होते. त्यातला सर्वांत विरलेला नलूने निवडला, सोड्यात उकळला, पाच वेळा धुतला, त्यातून पाणी गाळून उजेडात धरलं. पाणी काचेसारखं.

उन्नती दारात उभी होती. "मावशी, हे चालेल का? आपण सरांना विचारू या?"

"तुझ्या सरांना रुमाल नि फडकं यातला फरक कळत नाय," नलू म्हणाली. "त्यांना काय विचारतेस? तुमी लोक इचारत बसा. आमी काम करतो."

बावीस ते एकोणतीस या आठ पिशव्या त्या फडक्यातून गाळल्या गेल्या. मग चाळणी आली आणि उरलेल्या एकतीस तिच्यातून. प्रबंधात मात्र साठही पिशव्या 'पोलादी चाळणीने गाळल्या' असंच छापलं गेलं, कारण ते वाक्य सरांनी काम सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

आठ पिशव्यांत पापडच पापड निघाले. एरवी चारशेत तीस-चाळीस असायचे, इथे दोनशेच्या वर. नलूला ते पापड आवडले नाहीत. त्यांच्या कडा वितळल्यासारख्या बोथट होत्या, दोन-दोन, तीन-तीन एकमेकांना चिकटलेले होते. तिने सरांना बोलावलं. "सर, हे भाजल्यासारखे दिसतात."

चुरीसरांनी चार सेकंद डोळा लावला. "झिजलेत, नलूताई. खोल पाण्यात झिजतात. तुम्ही मोजा."

नलूच्या मनाला ते पटलं नाही. पण या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपलीच जीभ झिजवायची, असं तिला वाटलं. मूर्खाला मूर्ख राहू द्यावं, त्यात आपलं काय जातं? तिने मोजले.

आलेख निघाला तेव्हा चुरीसरांचे पाय जमिनीला लागेनात. सहाशे वर्षांची रेघ जवळजवळ सपाट आणि मध्येच हा एवढा मोठा उंचवटा. म्हणजे दोनशेदहा ते दोनशेनव्वद वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाजवळचं बर्फ मागे हटलं होतं आणि पुन्हा आलं होतं. परिषदेत टाळ्या पडल्या. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. उन्नतीचा अख्खा प्रबंध त्या उंचवट्यावर उभा राहिला. तो सादर झाला, बाहेरच्या परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा ठरली, आणि पदवी हातात पडली की जूनपासून डहाणूच्या कॉलेजात तिची नेमणूक व्हायची होती.

परीक्षेला पंधरा दिवस असताना बोईसरच्या कारखानदारांच्या एका मंडळाने चुरीसरांचा सत्कार ठेवला. नलूला सूक्ष्मदर्शक उचलून न्यायला सोबत घेतलं होतं. सभागृह थंडगार, खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले. मंडळाचे अध्यक्ष मितेशभाई ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आपल्याला रोज ऐकवतात, धूर कमी करा, पृथ्वी तापते. अरे, तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जिंकला तेव्हा तिकडे बर्फ वितळत होता! तेव्हा इथे धुराची एक तरी चिमणी होती काय? आपल्या चुरीसाहेबांनी शास्त्राने सिद्ध केलं आहे."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. असं आपण म्हटलेलं नाही, एका नळीतल्या चिखलावरून एवढं बोलता येत नाही, हे चुरीसरांना ठाऊक होतं. त्यांनी शाल सारखी केली आणि मान डोलावली. उन्नती व्यासपीठाच्या टोकाला फुलांचा गुच्छ धरून खाली बघत बसली होती. मागच्या रांगेत नलूने सगळ्या सभेवरून नजर फिरवली. चारशे दाणे धड मोजता येणार नाहीत एकाला, आणि निघाले बर्फावर बोलायला. तरी तिची छाती आतून भरून आली होती, हे खोटं कशाला सांगावं? ज्या उंचवट्यावर ही सगळी बुजगावणी चढून उभी होती, तो तिच्या डोळ्यांनी मोजलेला होता.

सत्कारानंतर मितेशभाईंनी पाहुण्यांना आपला कारखाना दाखवला. गाळण यंत्रापाशी एक कामगार पोत्यातून पांढरी पावडर टाकीत ओतत होता.

"साहेब, हे तर तुमचंच खातं," मितेशभाई हसत म्हणाले. "ही गाळण पावडर म्हणजे लाखो वर्षांचे डायटम. डोंगरातून खणून काढतात, भट्टीत भाजतात. याचा थर कापडावर बसला की माल कसा स्वच्छ गाळून येतो."

"वा! आमचे जुने मित्र!" चुरीसर म्हणाले, आणि सगळे हसत पुढे गेले.

नलू पुढे गेली नाही. यंत्राच्या बाजूला टाकाऊ कापडांचा ढीग पडला होता, निळ्या काठाच्या. तिने पोत्याच्या तोंडाशी सांडलेली चिमूटभर पावडर उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी ती प्रयोगशाळेत होती. पावडर पाण्यात कालवली, काचेवर थेंब टाकला, वाळवला, डोळा लावला. पापड. बोथट कडांचे, दोन-दोन, तीन-तीन चिकटलेले. तिने पंचवीस नंबरची जुनी काच काढून शेजारी ठेवली आणि एकदा ही, एकदा ती असं पाहिलं. मग कपाटातून फडकं काढलं, सहाव्यांदा धुतलं, धुवण खाली बसू दिलं आणि त्याचीही काच केली. त्यातही तेच.

सवयीप्रमाणे तिने मनातल्या मनात एकेकाला धारेवर धरलं. रूपेशने असलं कापड आणलंच कशाला? भाग्येशची तीन दरपत्रकं जळोत. सरांना सांगितलं होतं भाजल्यासारखे दिसतात, तर म्हणे झिजलेत. प्रत्येक नाव बरोबर होतं आणि एकानेही तिची सुटका होईना. फडकं तिने आणलं होतं. पाच वेळा धुतल्याचा तोरा तिचा होता. परका दाणा तिच्या डोळ्याने ओळखला होता, आणि समोरचा माणूस आपल्या किमतीचा नाही म्हणून ती गप्प बसली होती.

चुरीसर आल्या आल्या तिने तीनही काचा त्यांच्यापुढे ठेवल्या. या वेळी त्यांनी चांगली पाच मिनिटं पाहिलं. मग उठून दार लावलं.

"हे कोणाला सांगितलंत?"

"कोणाला नाय."

"मग सांगू नका. उन्नतीला तर मुळीच नको. दोनच आठवडे राहिलेत, पोरीचं नुकसान होईल. आणि नलूताई, आठ पिशव्यांत थोडी भेसळ झाली असेलही, पण म्हणून निष्कर्ष चुकीचाच असं तुम्ही कसं म्हणता? तुम्ही काय शास्त्रज्ञ आहात?"

सहा वर्षं या बाईच्या आकड्यांवर सही करणारा माणूस हे विचारत होता. नलूला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती म्हणाली, "बर्फ हटलं होतं का नव्हतं ते मला नाय ठाव. पण आपल्याला पण नाय ठाव, एवढं मला कळतं."

उन्नतीपुढे जायची तिची हिंमत होईना. पोर रोज यायची, परीक्षेची तयारी करायची, "मावशी, पाणी देऊ?" विचारायची, आणि नलू तोंड फिरवून बाटल्या घासायची. शेवटी तिने सोपा रस्ता धरला. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहिला: नमुने बावीस ते एकोणतीस मी कारखान्याच्या फडक्याने गाळले, त्यातली पावडर नमुन्यांत गेली, मोजणी मी केली, ती खोटी आहे, चूक माझी आहे. खाली सही.

चौथ्या दिवशी भाग्येशने अर्ज परत केला. मागे शेरा होता. परिचराच्या कामात नमुने गाळणे व सूक्ष्मदर्शक हाताळणे येत नाही. सबब अशी चूक परिचराकडून होणे संभवत नाही. अर्ज दप्तरी दाखल करता येत नाही.

"बरं झालं ना, मावशी," भाग्येश म्हणाला, "तुमच्यावर काही नाही आलं."

नलूने तो कागद दोनदा वाचला. चूकसुद्धा तिच्या नावावर लावायला ही माणसं तयार नव्हती, कारण चूक तिची म्हटली की काम तिचं म्हणावं लागलं असतं. आजवर तिने या लोकांना कवडीची किंमत दिली नव्हती. त्यांच्या लेखी आपली तेवढीसुद्धा नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि ते फार लागलं.

ती सरळ उन्नतीच्या टेबलापाशी गेली. फडकं, तीन काचा आणि शेरा मारलेला अर्ज तिच्या वहीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबली नाही. परीक्षा पाच दिवसांवर होती.

उन्नतीने काचा पाहिल्या. तिसरी पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

उन्नतीने काच खाली उतरवली.

"पिशव्यांत चिखल शिल्लक आहे ना?"

"हाय. दोन-दोन चमचे असेल. मी लगेच गाळते, चाळणीनं. सांजपर्यंत—"

"नाही," उन्नती म्हणाली. आवाज हळूच होता. "तुम्ही बाहेर बसा, मावशी. या वेळी मी करणार. मोजणारही मीच."

सहा वर्षांत नलूला त्या खोलीतून कोणी बाहेर काढलं नव्हतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं. पोरीने चंचुपात्र चुकीच्या हाताने धरलं, पाणी घाईने ओतलं, परत धुतलं. नलूची जीभ शिवशिवली. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. रडू येत होतं आणि त्याचा तिला भयंकर राग येत होता.

त्याच संध्याकाळी उन्नतीने विद्यापीठाला कळवून टाकलं की प्रबंध मागे घेते आहे. चुरीसर तिच्यावर ओरडले. सहा वर्षांचं वाटोळं करते आहेस म्हणाले, एका बाटल्या धुणाऱ्या बाईचं ऐकून भविष्य पाण्यात घालते आहेस म्हणाले. मग त्यांनी जाहीर केलं की सुधारलेल्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून आपण सही करू की नाही, याचा विचार करावा लागेल. डहाणूची जागा दुसऱ्याला गेली. सत्कारातली शाल खांद्यावर घेतलेला सरांचा फोटो मात्र विभागाच्या भिंतीवर तसाच राहिला, आणि मितेशभाईंचं मंडळ पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्या उंचवट्याचा आलेख छापायला विसरलं नाही. बर्फ होतं की नव्हतं याची त्यांच्यापैकी एकालाही पडलेली नव्हती. त्यांना धूर झाकायला चिमणीवर घालायची टोपी हवी होती, ती मिळाली होती.

आठ पिशव्यांना उन्नतीला अकरा दिवस लागले. नलूने तेच काम चारात केलं असतं. बाराव्या दिवशी उन्नतीने दार उघडून तिला आत बोलावलं. संगणकावर नवी रेघ होती. आठ ठिपके खाली उतरले होते: पापड तेहतीस, एकतीस, अडतीस. उंचवटा उरलाच नव्हता. सहाशे वर्षांची रेघ खाडीच्या भरतीच्या पाण्यासारखी सपाट पडली होती, आणि अगदी उजव्या टोकाला, वरच्या तीन पिशव्यांत, म्हणजे गेल्या तीस वर्षांत, ती वर चढत गेली होती.

"हे आधी नव्हतं," नलू म्हणाली.

"होतं. तुम्हीच मोजलंय ते, पोलादी चाळणीने गाळून. पंचाहत्तर, नव्वद, एकशे दहा. मी काल परत मोजून पाहिलं, बरोबर आहे. मधला ढीग एवढा मोठा होता की त्याच्यापुढे हे कोणाला दिसलंच नाही. सर म्हणाले होते, किरकोळ आहे, आधीही झालंय."

नलूने टोकाचे ते तीन ठिपके बोटाने मोजले. म्हणजे आधी झालं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या जागी जे झालं नव्हतं ते आत्ता होत होतं, ते तिच्याच डोळ्यांनी मोजून ठेवलं होतं, आणि तिच्याच फडक्याने झाकून टाकलं होतं. तिने कोणाला तरी नावं ठेवायला तोंड उघडलं आणि तिला नाव सुचेना.

"प्रबंधात हे सगळं लिहावं लागेल," उन्नती म्हणाली. "कोणी गाळलं, कोणी मोजलं, चूक कशी झाली, कोणी शोधली. तुमच्या नावासकट. सरांना आवडणार नाही, पण मी लिहिणार. चालेल तुम्हाला?"

"चूक आधी लिही," नलू म्हणाली. "शोधली ते मागनं."

उन्नती टंकू लागली. "नलिनी वामन पागधरे. आणि हुद्दा? साहाय्यक लिहू का? बरं दिसेल."

"परिचर," नलू म्हणाली. "परिचराला चूक करता येते म्हणावं. ठळक लिही."